ऑर्गनपुढचे नाव

मी, श्रीमती इंदुताई नामदेव लेनगुरे, वय त्रेसष्ट, धंदा शेती, राहणार येरगाव, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहून देते. कोणाच्या सांगण्यावरून नाही. उलट पुष्कळ जण नको म्हणत असताना देते. पोटात गाठ आहे, डोके ठीक आहे, दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी कागदावर दिल्या आहेत. हा सारा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे. माझ्यामागे माझी सून रंजीता हिला या घरातून आणि ऑर्गनवरून कोणी उठवू नये.

१. घर. माझे दिवंगत पती ऊर्जानगरला वीज केंद्रात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर माझ्या नावावर बांधले. ते आता रंजीताचे. वकिलांनी पहिल्या मसुद्यात ‘पुनर्विवाह न केल्यास’ असे शब्द घातले होते. तशी रीतच आहे म्हणाले. मी ते खोडायला लावले. तिने लग्न केले तरी घर तिचे, नवऱ्याला घेऊन इथेच राहिली तरी तिचे. ती वाजवते त्या नाटक कंपनीतला तबलावाला आदेश तिच्यासाठी चहा धरून उभा असतो, ते मला दिसते. डोळ्यांना अजून काही झालेले नाही. पोरगा भला आहे. माझ्यादेखत झाले तर मला सोसणार नाही, म्हणून माझ्यानंतर व्हावे.

२. शेत व दागिना. तलावाखालची धानाची बांधी रंजीता आणि माझी मुलगी पुनम यांना निम्मी निम्मी. माझ्या गळ्यातली सोन्याची एकदाणी पुनमची. ती जेव्हा जेव्हा मागायची तेव्हा मी विषय बदलायची. आता घे बाई. भावाच्या तेराव्याला तू रंजीताला विचारलेस, “तू आता माहेरी जाशीन ना?” ते मी विसरले नाही. तरी एकदाणी तुझीच.

३. ऑर्गन. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि होळीपर्यंत नाटके चालतात. वडशाच्या एका कंपनीत माझा मुलगा रोशन ऑर्गन वाजवायचा. मागच्या वर्षी होळीच्या तोंडावर प्रयोग आटोपून येताना कोळशाच्या ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. ऑर्गन घरी आला, तो मी गोधडीत गुंडाळून त्यावर धानाची पोती रचली. मला त्याचे तोंड बघवत नव्हते. पावसाळाभर रंजीता स्वयंपाकघरात पाटावर बोटे आपटत बसायची. मला वाटले, दुःखाने करते. ती चाल बांधत होती.

कंपनीची जाहिरात दरवर्षी नवी होत नाही. मागचीच काढायची आणि नाटकाचे नाव तेवढे बदलायचे, असे काम. त्या घाईत ‘ऑर्गन : रोशन लेनगुरे’ तसेच राहिले. मूलपासून सिंदेवाहीपर्यंत भिंतीभिंतीवर माझा गेलेला मुलगा चिकटला, फोटोसकट. कंपनीचा मालक निकेश हात जोडून आला. “काकू, आजच साऱ्या फाडून टाकतो.” मी त्याला जे बोलले ते वकिलांनी लिहून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी औषधासाठी मूलला गेले, तर बसस्थानकाच्या भिंतीवर रोशन हसत होता. फाडायला हात उचलला. कागदाचा एक कोपरा सुटला होता, खळ अजून ओली होती. तो कोपरा मी तळहाताने दाबून बसवला आणि निकेशला निरोप दिला, राहू दे.

तो पुन्हा आला. “पण मंग ऑर्गनवर कोण बसन, काकू? लोकं रोशनभाऊले मागतीन.”

चुलीपासून रंजीता बोलली, “मले वाजवता येते.”

माझे दीर भैयाजी ओसरीवर होते. “वहिनी, विधवा सून नाटकात बसवता काय? गावात तोंड कसं दाखवाचं?”

“आजवर जसं दाखवलं तसंच दाखवा,” मी म्हटले, आणि पोती बाजूला करायला घेतली.

मंडईच्या प्रयोगाला तिने नांदीत ती पावसाळ्यातली चाल वाजवली. मी वाट पाहत होते, की कुठेतरी त्याचे वाजवणे येईल. आले नाही. सारे तिचेच होते आणि फार सुंदर होते. मी मंडपाबाहेर जाऊन भजीवाल्याच्या गाडीमागे बसून रडले. ऑर्गन रंजीताचा.

४. भैयाजी. यांना मी काहीच ठेवलेले नाही. रागाने नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला साक्षीदार हेच हवे होते. मसुदा वाचून दाखवल्यावर म्हणाले, “वहिनी, तुमी त माह्या तोंडाले कुलूपच लावून राह्यल्या.” होय, लावले. पण कागद हाती घेताना ते डोळे पुसत होते, हेही नमूद करते.

५. जाहिरात. नव्या हंगामाची जाहिरात दसऱ्याला छापायला जाते. निकेश परवा विचारून गेला, ऑर्गनपुढे नाव काय ठेवू. मागचा हंगामभर नाव रोशनचे होते आणि वाजवत रंजीता होती. बाहेरगावचे पाहुणे जाहिरात वाचून विचारायचे, “रोशन बरा आहे ना?” मी म्हणायची, “हो, कामात आहे.” तेवढा वेळ तो असायचा. हे सुख मी हंगामभर घेतले आणि तिच्या नावावर घेतले. यंदाच्या नाटकाची सारी गाणी तिने बांधली आहेत. म्हणून ऑर्गनपुढे ‘रंजीता लेनगुरे’ छापावे, फोटो तिचा लावावा. रोशनचे नाव कुठेही नको, खाली बारीक अक्षरातही नको. हे कलम आजपासून लागू.

वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते.”

मी म्हटले, माणूस गेला आहे. लिहा.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

सही : इंदुताई नामदेव लेनगुरे

साक्षीदार :
१. भैयाजी लेनगुरे (दीर), येरगाव
२. अंजनाबाई गुरनुले (शेजारीण), येरगाव

ठिकाण : मूल
दिनांक : ७ ऑक्टोबर २०२४