शेवटच्या शर्यतीची साक्ष

उरवडे,
रविवार दुपार

प्रिय किशोर,

गुडघे वाकायला लागले का रे? जामिनावर घरी आलास एवढंच कळलं. फोन करायची सोय नाही. माझ्या हातात फोन दिसला की या घरातले सगळे कान इकडे वळतात आणि तुझं नाव तर काढायचंच नाही. म्हणून हा कागद. माझी मैत्रीण शीतल कामावरून सुटली की भुकूमवरूनच घरी जाते, तिच्याजवळ देतेय. मंगळवारी कोर्टात माझी साक्ष आहे, ते तुला वकिलांनी सांगितलंच असेल. दयानंदभावजींना तू जाणूनबुजून मारलंस, जीपचं चाक मुद्दाम त्यांच्या अंगावर वळवलंस, असं मी सांगायचं म्हणून इथे माझी शिकवणी चाललीय. सकाळी सासरे घेतात, संध्याकाळी चुलत सासरे घेतात. दहावीला कुणी एवढं मागे लागलं असतं तर पहिल्या झटक्यात पास झाले असते.

धुणं धुताना, भाकरी थापताना मला तो अख्खा हंगाम आठवत राहतो. बैलगाडा शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत पोरांचे हात शिवशिवायला लागले म्हणून कुणीतरी जुन्या जीपगाड्या माळावर उतरवल्या. पुढे बैल परत आले तरी जीपगाड्या काही गेल्या नाहीत. बैलगाडे पळतात त्या घाटावरचं सगळं तुम्ही माळावर आणलंत. हलगी तीच, फेटे तेच, गुलाल तोच आणि भोंग्यावर घसा फोडणारा निवेदकही तोच. 'घाटाचा राजा' असतो तसा हंगामभराच्या गुणांवर 'माळाचा राजा' काढलात. बैलांची निदान कुणी दृष्ट काढायचं. इथे माणसाचं हाड मोडलं की शिट्ट्या पडायच्या.

पहिल्याच शर्यतीत, इथे उरवड्याला, तुझ्या दाजींनी वळणावर अशी धडक दिली की तुझा खांदा निखळला. तू कळवळून ओरडत होतास आणि खाली हलगीवाले नाचत होते. मग तेच दाजी तुला दवाखान्यातून घरी घेऊन आले, स्वतःच्या हाताने मटणाचा रस्सा भरवला आणि "मेव्हण्या, आडवा येऊ नको म्हणलं हुतं ना!" असं म्हणून तुझ्या चांगल्या खांद्यावर एक गुद्दाही ठेवून दिला. तू हसलास! मला तुम्हा दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटली. भुकूमच्या शर्यतीत तू वचपा काढलास. खांद्याला पट्टा बांधलेला असताना त्यांची जीप ओढ्यात लोटलीस. ती कोलांट्या खात खाली गेली. मी चपला टाकून धावले, तर हे आतून सरपटत बाहेर आले, रक्ताबरोबर एक दात थुंकले आणि म्हणाले, "आत्ता कुटं मजा आली!" धरणाकडच्या शर्यतीत आदल्या वर्षीचा राजा विश्राम तुमच्या दोघांच्या मध्ये चेपला. त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, तो आजही डाव्या हाताने जेवतो. तुम्ही त्याला बघायला एकाच मोटारसायकलवरून गेलात आणि येताना पुढच्या वेळी कोण कुणाला कुठल्या वळणावर गाठणार यावर वाद घालत आलात.

खोटं कशाला बोलू, मलाही तोरा होताच. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ. दोघांचे गुण सारखे. राजा कुणीही होवो, गुलाल माझ्याच दारात पडणार. बाया मला पुढे बसायला जागा करून द्यायच्या. दयानंदभावजी तर उघड सांगायचे, "वयनी, मी दोघांच्या बी बाजूचा हाय, मला कोन हरवनार?" सासूबाई त्यांना चिडवायच्या की हा पोरगा मी जन्माला घातला की किशोरच्या आईने. त्यांचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडचे यात्रा झाल्यावर येणार होते.

शेवटची शर्यत पुन्हा उरवड्याच्या माळावर झाली. मी शेवटच्या रेषेसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी होते. माझ्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसलं नसेल, आणि हेच माझ्या नशिबाला आलं. तुझ्या दाजींनी, इंद्रजितने, आधी रेषा ओलांडली. मागे धुळीचा असा लोट उठला की पलीकडचा लिंबही दिसेना. आणि माणसं आत धावली. घाटावर गाडा एकेकटाच सुटतो. तो वर गेला की मागून काही यायचं नसतं, म्हणून माणसं बिनघोर आत शिरतात, गुलाल उधळतात. बापजाद्यांपासून पायांना तीच सवय. त्यांच्या पायांना जीपगाडी कुठे ठाऊक होती? निवेदक ओरडत होता, "मागनं गाडी येतीया, मागं सरा, मागं सरा!" हलगीत ते कुणाला ऐकू जाणार? सगळ्यांच्या पुढे भावजी, गुलालाची पिशवी छातीशी धरून.

तू धुळीतून बाहेर आलास तो थेट माणसांसमोर. तू चाक डावीकडे कापलंस. डावीकडे दगडी बांध होता, तिथे चिटपाखरू नव्हतं. तू स्वतः त्या दगडांवर मरायला निघाला होतास, किशोर, हे मी पाहिलं. पण भावजींनीही जीव वाचवायला उडी मारली ती त्याच बाजूला. बांध आणि तुझी जीप यांच्यामध्ये ते सापडले. तो आवाज माझ्या कानातून जात नाही. नारळ फोडतानाही मी आता बाहेर जाते.

तू उतरलास आणि "दया, दया" करत त्यांना दोन्ही हातांनी ओढू लागलास. तेवढ्यात इंद्रजित आला. त्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. पहिला घाव तुझ्या पाठीत बसला. तू वळून बघितलंस, तो कोण आहे ते बघितलंस, आणि हातसुद्धा वर केला नाहीस. मग त्याने तुझ्या गुडघ्यांवर घाव घातले. एक फुटला, मग दुसरा. मी त्याच्या पायाला मिठी मारली तर लाथेने मला उडवलं. माझी बरगडी तेव्हाचीच दुखते. बाकीची माणसं नंतर तुटून पडली. तोवर तू केव्हाच निपचित पडला होतास.

त्याचंही काळीज फाटलंय, ते मला दिसतं. पाठचा भाऊ होता. अंगणात उभ्या असलेल्या त्या जीपमध्ये तो तासन्तास बसून असतो, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. माझा त्याच्यावर जीव होता, अजून आहे, त्याला मी काय करू? पण परवा मला म्हणाला, "नीट बोललीस तर नांदशील, न्हाईतर तिकडंच ऱ्हा." आणि तुझाही मला राग येतो, किशोर. तुमच्या त्या मस्तीपायी एक हसतं-खेळतं पोरगं गेलं. कोर्टाने तुला सोडलं तरी मी तुला एवढ्यात सोडणार नाही. पण तू खून केलेला नाहीस.

आता हे का लिहितेय ते सांगते. परवा पिरंगुटच्या बाजारात आई मला चोरून भेटली. म्हणाली, तू वकिलांना बजावलंयस की ताईची उलटतपासणी घ्यायची नाही, ती म्हणेल ते मला कबूल. दवाखान्यातही पोलिसांना तू सांगितलंस, "गर्दीनं मारलं, कोन हुतं वळखलं न्हाई." माझं घर टिकावं म्हणून तू जन्मभर आत बसायला निघालायस. कुणी सांगितला हा शहाणपणा? मंगळवारी मी चाक कुठे वळलं आणि का वळलं ते सांगणार आहे, आणि टॉमी कुणाच्या हातात होती तेही सांगणार आहे. मला सगळं विचारायला लाव वकिलांना. आणि तुला विचारतील तेव्हा इंद्रजितचं नाव घे. तू 'ओळखलं नाही' म्हणालास तर मी खोटी ठरेन, मग तूही आत जाशील आणि माझं बोलणंही वाया जाईल. मला सांभाळायला जाऊ नकोस. कोर्टातून मी उरवड्याला परतणार नाहीये. तिथून सरळ भुकूमला येईन. तुला उठवत नाही, तेव्हा आईला सांग, दाराला आतून कडी लावू नकोस.

तुझीच,
ताई