जनीचा पत्ता

रत्नागिरी,
२१ मे

प्रिय अक्षया,

तू कशी आहेस हे विचारायच्या आधी तुला काही सांगायचं आहे, आणि ते घडलं त्याच क्रमाने सांगायला हवं, नाहीतर मध्येच माझा धीर संपेल. पाच वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या आईचं पत्र फाडून टाकावंसं वाटलं तर तुझं चुकणार नाही. तरी शेवटपर्यंत वाच.

परवा मंगळवारी सकाळी मी अढीतले आंबे उलथत होते, तेवढ्यात तुझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढ्यात उभे राहिले. म्हणाले, "अगो, ते राहू दे. आवर, जरा फिरून येऊ." तुला हा माणूस ठाऊक आहे. गणपतीपुळ्याला जायचं तरी आदल्या दिवशी चाकांत हवा भरून आणणार, पाण्याच्या बाटल्या मोजून घेणार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःचं पाऊलही मोजल्याशिवाय टाकलं नाही. कुठे जायचं विचारलं तर म्हणाले, "आधी समुद्राच्या बाजूने खाली, मग डोंगराकडे. बघू." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण 'बघू' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि शर्टाला इस्त्री त्यांनी स्वतः केली होती. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथेच.

पावसच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी गाडी वळली ती मिरकरवाड्याकडे. मासळीचा वास आला तरी नाकाला रुमाल लावणारा माणूस थेट जेटीवर गाडी नेतो आणि मला म्हणतो, "तू बस, मी आलोच." बर्फाच्या गाड्या, जाळी विणत बसलेली माणसं, टोपल्या घेऊन भांडणाऱ्या बायका. त्या गर्दीत हे एकेका बाईपाशी थांबून काहीतरी विचारत होते. रुमाल खिशातच होता. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने हात वर करून दक्षिणेकडे दाखवलं आणि कुणाचा तरी नंबर सांगितला. हे गाडीच्या मागे उभे राहून फोनवर बोलले. काच खाली होती. मी एवढंच ऐकलं, "नाही, तिला अजून काही सांगितलेलं नाही."

पावसला कोकम सरबत घेतलं, ते अर्धं टाकलं. डाव्या-उजव्या हाताला काजू, मध्येच समुद्र दिसायचा, रस्त्याच्या कडेला करवंदं विकायला बसलेल्या बाया. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती. पण माझं लक्ष त्यांच्या खिशातल्या फोनकडे होतं. पूर्णगडला किल्ल्याच्या अलीकडे गाडी लावून हे एका कौलारू घरात शिरले. धोंडू नावाचा कुणी दारात उभाच होता, वाट बघत असल्यासारखा. पाऊण तास झाला. मला ना कुणी घरात बोलावलं, ना पाणी विचारलं. धोंडूने एकदा बाहेर डोकावून माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. बाहेर आले तेव्हा यांच्या हातात चिठ्ठी होती. पेट्रोल भरायला ते उतरले, तेव्हा मी ती उघडून पाहिली. जनी. खाली लांज्याच्या पुढच्या, डोंगराकडच्या एका गावाचं नाव आणि 'वरची वाडी'. बाईचं नाव, अक्षया. साठी ओलांडलेला नवरा बाईच्या शोधात गावोगाव हिंडतोय आणि मला सोबत घेऊन!

एकदा संशय शिरला की तो मागे मागे सरकत जातो. मला आठवलं, तू दोन वर्षांची असताना हे मोजणीसाठी लांज्याकडच्या गावांत तीन महिने राहिले होते. शनिवार-रविवारीसुद्धा यायचे नाहीत. तेव्हा मी कौतुकाने सांगायचे, कामाला किती वाहून घेतलंय म्हणून. आता ते तीन महिने मी पुन्हा तपासू लागले. कुणी डबा करून द्यायची का? कुणी वाट बघायची का? तिला मूल असेल तर ते आज जवळपास तुझ्याच वयाचं असेल, इथवर माझी मजल गेली. हे शेजारी बसून म्हणत होते, "फणस काय लागलेत बघ." मी बघितलं नाही.

लांज्याला हे केळी घ्यायला उतरले तशी मी पर्स घेऊन सरळ एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिले. रत्नागिरीची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात हे धापा टाकत आले. चारचौघांत मोठ्याने बोलणार म्हणून मी तयार होते. तर म्हणाले, "उमा, एवढं एकदा चल. मग तू म्हणशील तसं." माझ्या पर्सचा बंद धरून उभे होते, लहान मुलासारखे. या माणसाने आजवर माझ्यापाशी काही मागितलेलं नाही, थेट सांगितलंय. मी परत गाडीत बसले, पण दया आली म्हणून नव्हे. मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं.

पुढे रस्ता अरुंद झाला. सह्याद्रीची भिंत समोर जवळ जवळ येत गेली आणि फोनची रेंज गेली. वरच्या वाडीला गाडी जात नाही, वीस मिनिटं चढून जावं लागलं. हे तीनदा थांबले. वर एका अंगणात नऊवारी नेसलेली, माझ्याहून थोडी मोठी बाई तांदळाचं पीठ चाळत होती. हातावर गोंदण, कपाळ रिकामं. यांना बघताच ती उठून उभी राहिली. हसली नाही. हे अंगणाच्या कडेलाच थांबले, पुढे गेले नाहीत, आणि म्हणाले, "जनीबाई, हिला घेऊन आलोय. मला सांगता येत नाही. तुम्हीच सांगा." आणि फणसाखाली जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

ती नितेशची आई होती. तुझी सासू. मिरकरवाड्याची खोली सोडून मे महिनाभर आपल्या लेकीकडे आलेली. पूर्णगडचा धोंडू तिचा भाऊ, जेटीवरून फोनही त्यालाच गेला होता. तुझ्या सासूचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, याची लाज मला तिच्या अंगणात उभी असताना वाटली.

तिने आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, "बाय, चार वर्सांमागं मी तुमच्या दारात आलेली. सुनेनं पत्र दिलेलां. बोलली, आईच्या हातातच द्या, फोन करायची चोरी हाय." फोनची ती चोरी मीच करून ठेवली होती, अक्षया. तू रजिस्टर लग्न केल्याचं कळवलंस, तेव्हा पुन्हा फोन करू नकोस असं मीच ओरडले होते. जनीबाई पुढे म्हणाली, "तुमचं मालक ओटीवर व्हते. ते बोलले, माझ्या बायकोला तुमचा कागद नको, तिनंच तसा सांगून ठेवलाय. मी काय बोलणार? फिरले मागं." मी विचारलं, महिना कुठला. ती म्हणाली, हाच, फणस पिकायचा. त्या दिवसांत मी मागच्या अंगणात फणसाची साठं वाळत घालायला बसते. ओटीपासून तीस पावलांवर.

तिने पिशवीतून रेशनकार्डाबरोबर जपलेलं पाकीट काढलं. न उघडलेलं. म्हणाली, "दुसऱ्याचा कागद फाडवत नाय." आणि तुझी तिने माफी मागितली आहे. तुला तिने सांगितलं होतं ना, की घराला कुलूप होतं म्हणून पत्र दाराच्या फटीतून आत टाकलं? ते खोटं होतं. "तेवढी पोटुशी पोर, तिला काय सांगू, तुझ्या बापानं मला दारातनं काढली म्हनून?" तुझ्या सासूने अपमान स्वतःजवळ ठेवला आणि तू मात्र माझ्या उत्तराची वाट बघत राहिलीस.

परतताना मी मागच्या सीटवर बसले. पालीच्या पुढे हे आरशात न बघता म्हणाले, "रविवारी देवरुखच्या लग्नात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मुलीने बाळ झाल्याचंही कळवलं नाही, माझ्यापुरती ती मेली. त्या रात्रीपासून मला झोप नाही." मी म्हटलं, "चार वर्षं बरी झोप लागली." घरी आल्यापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. पुढे काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही आणि त्यांच्या वतीने मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही. त्यांचं त्यांनी मागावं.

तुझं पत्र मी डोंगर उतरायच्या आधी, तिथेच दगडावर बसून वाचलं. तू लिहिलं होतंस, "आई, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण आहे, मला भीती वाटते. तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही." तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी ते गप्प राहणं तुझ्या कठोरपणात धरलं. मुलगी झाल्याचं मला परक्या बाईकडून बाजारात कळलं, तिचं नाव आर्या आहे हे परवा जनीबाईने सांगितलं. फोन करणार होते, पण तू कागदावर विचारलं होतंस, म्हणून कागदावरच उत्तर लिहायला बसले. चार वर्षं उशीर झालाय, बाळंतपण कधीच उरकलंय, तिथे तुझ्याजवळ कोण होतं तेही मला माहीत नाही. तरीही तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेव्हा जे असतं, तेच आज आहे. ये. आणि यायला मन घेत नसेल तर तसं दोन ओळींत कळव, मग मी येते, एकटी, एसटीने.

तुझीच,
आई