पॅकेजमधला मामा

डोंबिवली (पूर्व),
गुरुवार, दुपार

चि. सुदेश यास रतनताईचा आशीर्वाद.

मटकीला चांगले मोड आले होते, पाणी सातला जातं म्हणून पिंप नळाखाली लावलं होतं, दूध एकदा उतू जाऊन झालं होतं, आणि मी स्टुलावर चढून माळ्यावरची एक जुनी वही शोधत होते. ही परवाची सकाळ. (स्टुलावर का चढलीस, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते: गुडघे दुखतात, साखर ताब्यात आहे, जीभ ताब्यात नाही असं संचिताचं म्हणणं.) तुझी प्रकृती बरी आहे हे मला प्राचीच्या स्टेटसवरून समजतं. मागच्या आठवड्यात तू कुठल्याशा रिसॉर्टमध्ये हुरडा खात होतास. तब्येत बरी असल्याशिवाय माणूस एवढा हुरडा खात नाही.

तर वही. तुझ्या भाऊजींच्या तेराव्याला जेवायला कोण कोण येणार, ते शेजारच्या हौसाबाईंनी या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतलं होतं. संचिताच्या लग्नाची आमंत्रणं मी त्या यादीवरून करते आहे. माझी ऐपत नव्वद ताटांची. त्यातली चाळीस वरपक्षाची. उरलेल्या पन्नासात कुणाला बसवायचं यावर लोक रात्र रात्र भांडतात. मी मटकी शिजायच्या आत निकाल लावला. जो त्या तेरा दिवसांत माझ्या दारात आला, त्याला ताट. ज्यांनी मोबाईलवर नुसते दोन जोडलेले हात पाठवले होते, त्यांना मी जिलबीचा फोटो पाठवणार आहे.

या नियमाने बचत किती होते ते तू पाहायला हवं होतंस. यांच्या ऑफिसातली सबंध दुसरी पाळी गळाली. गावचे चुलते गळाले, ज्यांना तेव्हा आंब्याला मोहोर आल्यामुळे निघता आलं नव्हतं. (मोहोराने लग्नालाही यावं, माझी हरकत नाही.) आणि तू गळालास. मी तुझं नाव तीनदा शोधलं. नाही. तुझा फोन मात्र आठवतो. ताई, घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, असं म्हणाला होतास. त्याला आता दोन वर्षं आणि एक महिना झाला. रस्ता वाईट आहे हे मला मान्य आहे.

वरपक्षाचं ऐक. आर्यन मुलगा चांगला आहे, कमी बोलतो; कमी का बोलतो ते त्याच्या आईला भेटल्यावर कळलं. निशाताई दर दोन दिवसांनी कल्याणहून फोन करतात आणि आम्हाला काही नको असं सांगतात. हे सांगायला त्यांना पाऊण तास लागतो. काही नको, फक्त चाळीसजणांचा नाश्ता गरम हवा. काही नको, फक्त आर्यनच्या आत्याला पैठणी दिसायला पैठणीसारखी हवी. लग्न साधेपणाने करू, ही कल्पना त्यांची. साधेपणाचा खर्च माझा. मागच्या फोनला जरा आवाज उतरवून विचारलं, की मांडवात पुढे तुम्ही नसाल ना? मी म्हटलं, कन्यादान मीच करणार आहे, तेव्हा मागून हात पुरणार नाही. गुरुजींना विचारलं आहे, त्यांची ना नाही. पाऊण तासाचा फोन त्या दिवशी चार मिनिटांत संपला.

पण त्यांनी एक प्रश्न बरोबर विचारला. मुलीला बोहल्यावर कोण आणणार? मामा येणार ना?

तेव्हा मी विषय बदलला. मग हॉलच्या पॅकेजचा कागद वाचायला घेतला. तुला माहीत आहे, माझी शाळा नववीत सुटली, पण तेव्हापासून छापलेलं काही न वाचता टाकलेलं नाही. भेळेचा कागद, औषधाच्या डबीतली घडी, वाचनालयातली पुस्तकं, सगळं सारखंच. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ओळ होती: मामा (आवश्यक असल्यास). मला वाटलं छपाईची चूक. हॉलवर जाऊन मॅनेजरला विचारलं. विकी नाव त्याचं, वय तीस, दोन्ही कानांना फोन.

"काकी, टेन्शन नका घेऊ, मामा इन्क्लूड आहे. आजकाल कुणाचा मामा दुबईला असतो, कुणाचं जमिनीवरून फाटलेलं असतं. आपला काळुराम आहे ना! फेटा, मोजडी सगळं त्याचं. रडतो पण, त्याचं थोडं एक्स्ट्रा."

मी म्हटलं दाखव. (भाजी पाहून घेते, मामा न पाहता घेऊ?) काळुराम आला. पूर्वी कोपरीला रिक्षा चालवायचा. पन्नाशीचा, धुतलेला सदरा, वाकून नमस्कार केला. भाच्या किती, असं विचारलं तर म्हणाला, हा सीझन धरून एकशे चौदा. मग त्याने मला विचारलं, "ताई, पोरीला लहानपणी लाडाने काय म्हणायचे? खोलीतून बाहेर काढताना मी हळूच त्या नावाने हाक मारतो. पोरीचे पाय थरथरत असतात ना, ते थांबतात."

सुदेश, त्या हॉलमध्ये मला त्या माणसाची चेष्टा करायची होती आणि करता आली नाही. भाड्याच्या मामाला जे सुचतं ते सख्ख्याला दोन वर्षं एक महिना सुचू नये? तिचं लाडाचं नाव तू ठेवलंस. तुझ्याशिवाय तिला त्या नावाने कुणी हाक मारली तर ती ओ देत नसे. मी काळुरामला ते सांगितलं नाही. म्हटलं, तसं काही नाव नव्हतं.

घरी येऊन संचिताला सगळं सांगितलं. ती डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मामा नसला तर नसू दे. पण भाड्याचा नको. मी एकटी चालत येईन, दहा पावलं तर आहेत." आणि डब्याचं झाकण उलटं लावायला लागली.

असो. नियमाप्रमाणे तुला ताट नाही, हे कळवण्यासाठी पत्र लिहिलं. गैरसमज नको म्हणून. प्राचीला आणि तुझ्या उंच इमारतीला आशीर्वाद.

तुझी,
रतनताई

ता. क. आंब्याच्या मोहोरवाल्या चुलत्यांना बोलावलं आहे. ऑफिसच्या दुसऱ्या पाळीतल्या चौघांनाही. हौसाबाई म्हणाल्या, तुमचा नियम फार कडक आहे. म्हटलं, आहेच.

ता. क. दुसरा. मी नियम पुन्हा नीट वाचला. तो पाहुण्यांसाठी आहे. मामा पाहुणा नसतो, तो कामाचा माणूस. लग्न पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांनी. मामाने साडेदहाला वधूच्या खोलीच्या दाराशी उभं राहायचं असतं. फेटा मी आणते.

ता. क. तिसरा, शुक्रवार. पत्र काल पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. त्या दिवशी यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा यांनी पहिला फोन तुला केला, आणि तू म्हणालास, भाऊजी, पित्त असेल, सोडा घ्या. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. मला माहीत नाही असं तुला वाटतं, आणि म्हणून तू तोंड दाखवत नाहीस, एवढं मला कळतं. तुला माहीत नाही ते मी सांगते. तू फोन ठेवल्यावर मी यांना चिमूटभर ओवा चावायला दिला आणि आमटीला फोडणी द्यायला आत गेले. आमटी उकळेपर्यंत आतच होते. हे मी संचितालाही सांगितलेलं नाही.

आज सकाळी मी हॉलवर गेले, पॅकेजच्या कागदावरच्या त्या शेवटच्या ओळीवर काट मारली आणि खाली सही केली.