पासलीत झालेली वाळवीच्या राणीची बदनामी

॥ श्री मेंगाई प्रसन्न ॥
पासली, मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी

चि. शेफाली हिस नूतनआत्याचे अनेक आशीर्वाद.

कुमारबरोबर पाठवलेली पिशवी पोचली. पुस्तक एक (मागे साडेतीनशे रुपये छापलेत, छापणाऱ्याला देव बघून घेईल). खारीचा पुडा एक, चुरा झालेला. कुमारला चहा-पोहे घातले, ते दादाच्या नावावर मांडलेत. तुझा खोकला गेला का? दादाचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व सुखरूप होते, पुस्तक उघडेपर्यंत.

अगं, गेल्या वर्षीच्या दिवाळीत चुलीपाशी येऊन बसलीस आणि म्हणालीस, आत्या, किडामुंगीच्या राज्याची अद्भुत कादंबरी लिहितेय, तुला ठाऊक असेल ते सांग. मी भाकरी भाजता भाजता सांगितलं. (मुंगळा एकदा चावला की मान तुटली तरी सोडत नाही, वारुळात राणी एका जागी बसून सगळ्यांना कामाला लावते, वगैरे.) त्यात मला घाल, असं कुणी सांगितलं होतं?

भाचीनं पुस्तक लिहिलं म्हणून मी गावभर मिरवले. पहिल्या गुरुवारी बायका महालक्ष्मीची पोथी ऐकायला आल्या. आरती झाल्यावर त्याच पाटावर तुझं पुस्तक ठेवून खड्या आवाजात वाचायला बसले. मग आली तुझी ती वाळवीची राणी. कमरेला किल्ल्या, कामकऱ्यांना लाकडाच्या भुशाचा कण न् कण मोजून देते, वहीत मांडते, चुकून दोन गेले तर एक परत मागते! सगळ्या माझ्या कमरेकडे बघायला लागल्या. (किल्ल्या पदराखाली सारायला गेले, तर त्या वाजल्या.) आमच्या चुलत सासूबाई, अक्काबाई, म्हणाल्या, "अगं बया, ही तर आपली नूतनच की! निस्त्या मिशा लावल्यात." आणि ओसरीवर हे! तीस वर्षांत कधी मोठ्यानं हसले नाहीत, ते ठसका लागेस्तोवर हसले.

शेफाली, मी मोजून देते ते कुणाचं पोट मारायला नव्हे. मोजते म्हणून आषाढात आमच्या कणगीचा तळ दिसत नाही. तेव्हा वाटी घेऊन कोण येतं, ते अक्काबाईंनाच विचार.

आणि तुझा तो नायक! नाव तेजोध्वज, अक्कल काडीची नाही. म्हणे वारुळात उकळतं पाणी ओतणार! आमच्या घरात मुंगीला पिठाची चिमूट घालतात, नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहतात. राणी मेली तर तिची हजारो पोरं कुणाच्या तोंडाकडे बघणार, हे त्या गाढवाच्या मनात तरी आलं का?

बदनामी पुसावी म्हणून दुसऱ्या गुरुवारी न मोजता शिरा केला. (दीड किलो रवा गेला. नंतर मोजला.) तर शेजारची धोंडाबाई दुसरी वाटी पुढं करून म्हणते, "राणीसायेब, वहीत मांडा बरं का!" पोथीकडे कुणाचं ध्यान नाही, पुस्तक काढा एवढाच धोशा. असलं लिहून सख्ख्या आत्याचं नाव घालवायचं असेल, तर पुन्हा माझ्या चुलीपाशी बसू नकोस.

तुझी (काय करणार, आहेच) आत्या,
नूतन

ता. क. बायकांनी मागून नेऊ नये म्हणून पुस्तक माळ्यावरच्या लाकडी पेटीत कुलपात ठेवलं होतं. काल उघडलं, तर शेवटची चाळीस पानं वाळवीनं खाल्लेली. तेजोध्वज पातेलं घेऊन वारुळाच्या तोंडाशी उभा आहे, त्याच्या पुढची सगळी. हे म्हणाले, पेटीत उकळतं पाणी ओत. म्हटलं, खबरदार! काल चौदा बायका नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

ता. ता. क. नवं पुस्तक पाठवू नकोस. शेवट तेवढा पोस्टकार्डावर बारीक अक्षरात लिही. राणी वाचली असेल तर पहिल्याच ओळीत सांग. मेली असेल तर आधी तिला जिवंत कर, मग कार्ड टाक. मला ते चौदा जणींसमोर मोठ्यानं वाचायचं आहे. चौथा गुरुवार सहा दिवसांवर आला, उलट टपाली कळव.