माझ्या नावाच्या कबरीत मला पुरू नये

मी, तिजानी बिन खलीफा झमीत, धंदा मासेमारी, आता घरी बसून, राहणार महदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणीही कान न फुंकता लिहून ठेवतो. माझं मरण या गावाने एकदा साजरं केलेलं आहे, तरी हा कागद खराच धरावा.

१. घर आणि होडी माझा मुलगा रिदा व मुलगी मुफीदा यांना कायद्याच्या हिश्शांप्रमाणे मिळावीत. जाळं विणायच्या सुया मात्र मुफीदाला. रिदाची ना नाही, त्याला विचारून घेतलं आहे. त्याच्या हातात सुई कधी टिकलीच नाही.

२. चुलतभाऊ मुंजी याने मला मेलेला समजून माझा मासेमारीचा दिवा नेला. मी परत आल्यावर मागितला, तर 'मेलेल्याला उजेड कशाला' म्हणाला. मी त्याला माफ करतो. जनाज्याला खांदा मात्र त्याने देऊ नये.

३. आता कबरीचं. समुद्राकाठच्या जुन्या कबरस्तानात, दीपगृहाच्या अंगाला, एका कबरीवर माझं नाव आहे. मी आत नाही.

तरुणपणी एका हिवाळ्यात मी घरात भांडून, कुणाला न सांगता, सफाक्स बंदरात, समुद्रतळाचे स्पंज काढणाऱ्या बोटीवर कामाला गेलो. निघताना धक्क्यावर एक परका मुलगा थंडीने काकडत होता. त्याला माझा लोकरी डगला दिला. सफाक्सची गाडी सुटत होती, म्हणून नाव विचारलं नाही. तो कुणाच्या तरी होडीवर चढला असावा. समुद्राने त्याला परत टाकलं तेव्हा चेहरा राहिला नव्हता, पण डगल्याच्या कोपरावरचं ठिगळ माझ्या आईच्या हातचं होतं. तिने त्याला तिजानी म्हणून पुरलं.

मी घरी पोचलो तो माझ्याच चाळिसाव्याचं जेवण चाललं होतं. किंचाळ्या थांबल्यावर मला कुसकुस वाढला आणि मी तो खाल्ला. तेव्हापासून गाव मला मरहूम, म्हणजे मयत, म्हणतं. लोक हसतात, मीही हसतो. पण खाताना मला आनंद झाला होता, की तो मी नव्हे. त्या आनंदाची लाज अजून गेलेली नाही.

त्या मुलाची चौकशी मी बंदराबंदरांत केली. पण विचारणार काय? त्याची म्हणून मला ठाऊक असलेली एकच खूण होती, आणि तो डगला तर माझाच.

गवंडी नाव खोडायला आला तेव्हा आईने त्याची छिन्नी धरली. मला म्हणाली, "राहू दे रे. तुला हाक मारायला मी आहे. त्याला कोण आहे?" कबरीच्या चिऱ्यावर पाखरांसाठी कोरलेली वाटी ती मरेपर्यंत दर शुक्रवारी पाण्याने भरत होती. मी फाटकाशी उभा राहायचो, आत पाऊल पडायचं नाही. लग्न, मुलं, म्हातारपण, सगळं मी दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाल्लं असंच वाटत आलं आहे.

४. रिदाचं म्हणणं, "बाबा, तुमच्याच नावाची कबर आहे. हाडं जराशी बाजूला सारली की झालं." आपल्याकडे घरच्या कबरीत असं करतात हे खरं. पण तो घरचा नाही. त्याला घर मिळालं ते एवढंच. ती कबर कुणीही उघडू नये. उघडली, तर मी रिदाला माफ केलेलं नाही असं समजावं.

५. मला त्याच्या पायथ्याशी वेगळं पुरावं. साधी माती, वर चिरा नको, नाव तर नकोच. ते त्याला दिलेलं आहे, ते त्याच्यापाशीच राहू द्यावं.

हे वाचून दाखवलं तेव्हा मुफीदा रडली. म्हणाली, "बाबा, मग आम्ही तुम्हाला शोधायचं कुठे?"

मी म्हणालो, "त्याच्या आईनेही हेच विचारलं असेल, पोरी."

साक्षीदार: हमादी शलगूम, निवृत्त शिक्षक
साक्षीदार: नूरुद्दीन बिन सासी, कबरस्तानचा राखणदार

सही: तिजानी बिन खलीफा झमीत
महदिया, १४ मार्च २०१९