मशीन माळ्यावरून खाली काढ

तीर्थरूप आईस,
दमलेल्या लेकीचा नमस्कार.

आम्ही दोघी ठीक आहोत. काल ऑटिझमच्या तपासणीत तुझ्या नातीच्या, छकुलीच्या मेंदूत रक्त कुठे किती पोहोचतं याचे फोटो काढले. सुई नव्हती. फक्त अर्धा तास न हलता पडून राहायचं, आणि ही तर मिक्सर लावला तरी कान झाकून किंचाळते.

ते मशीन ठकठक सुरू झालं आणि ही गप्प पडून राहिली. तिथल्या ताई म्हणाल्या, "घरी असला आवाज आहे का हो?" तेव्हा लक्षात आलं. तू शिवायला बसलीस की ही तासन्‌तास तुझ्या पायांशी बसायची.

डॉक्टर म्हणाले, काही भागांत रक्त जरा कमी जातंय, पण ती कधी बोलेल हे फोटोवरून सांगता येत नाही. मी खोदून खोदून विचारलं. शिलाई मशीनच्या आवाजाने काही झालेलं नाही, आई. 'माझ्यामुळेच झालं' म्हणत तू मशीन माळ्यावर टाकलंस, ते आता पुरे कर.

बाबांना सांगून मशीन माळ्यावरून खाली काढ. तू चढू नकोस. गुडघा कसा आहे?

रविवारी पोहोचतो. मला नुसतं झोपायचंय. तू शिवत बस, ती येऊन बसेल.

तुझी,
थोरली