मेळावा त्यांचा, बैठक तुझी

माय,

तुझ्या सुनेबद्दल लिहायचं आहे. वहिनी मला कधी वावगा शब्द बोललेली नाही, दिवाळीला आठवणीने साडी पाठवते, आणि तरी तिचं नाव निघालं की मी अजून जळते. या वयात हे कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं तर हसतील. म्हणून तुला सांगते.

मी शाळेत होते तेव्हा तू पक्षाचं काम करायचीस. काम म्हणजे काय, तर धुळ्याहून निरोप यायचा, "अक्का, रविवारी महिला मेळावा आहे, साक्रीहून दोन ट्रक बायका आल्या पाहिजेत," आणि तू पाड्यापाड्यांवर फिरून त्या गोळा करायचीस. एकदा मलाही घेऊन गेलीस. मंडपात आम्ही घामाने भिजून बसलो, टाळ्या वाजवल्या, भाषणं संपली आणि पुढारी मागच्या खोलीत गेले. तुला आपल्याकडच्या बंद पडलेल्या हातपंपांचं बोलायचं होतं. तू दारापर्यंत गेलीस, तर तिथला कार्यकर्ता हात आडवा करून म्हणाला, "अक्का, आत बैठक चालू आहे." तू म्हणालीस, "मंग मी कोन शे?" तो हसला. "मेळावा छान झाला ना अक्का. आता बायकांना गाडीत बसवा, उशीर होतोय." परतीच्या ट्रकमध्ये उभ्या उभ्या मी तुला विचारलं, मेळावा आणि बैठक यांत फरक काय? तू पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतलास. मग म्हणालीस, "मेळावामा डोकी मोजतस, पोरी. बठकमा डोकं लागस." पुढे मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं, अधिवेशन, शिबिर, कार्यकारिणी असे पुष्कळ शब्द पाठ केले. पण एका शब्दाचा अर्थ इतका लख्ख मला पुन्हा कुणी सांगितला नाही.

त्यानंतर तू स्वतःची बैठक सुरू केलीस, आपल्या स्वयंपाकघरात, दुपारची. पिठाच्या गिरणीवाली, अंगणवाडीच्या बाई, डोंगराकडच्या पाड्यावरून चालत येणारी ती उंच म्हातारी, आणखी दोघीतिघी. चुलीपुढे सतरंजी पडायची. कुणी "भजनाला जाते" म्हणून घरातून निघायची, पण तुझ्या दारात आली की ठणकावून म्हणायची, "अक्का, बठक सुरू व्हयनी का?" त्या शब्दाने त्यांचे चेहरे बदलायचे. मी चहा घेऊन जायची आणि रिकामं ताट छातीशी धरून तिथेच रेंगाळायची. "माय, मी बसू?" "तू अभ्यास कर. चहा दिधा ना? जाय." मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि आतून तुझं हसू ऐकू यायचं. तसं मोकळं तू माझ्याशी कधी हसली नाहीस. माझ्याशी तुझं बोलणं म्हणजे वेणी घाल, मार्क किती पडले, पदर सांभाळ. मला त्या गिरणीवालीचाही राग यायचा. पिठाने भरलेले हात घेऊन ती तुझ्या मांडीला मांडी लावून बसायची.

मग माझं लग्न झालं, मी जळगावला आले, आणि वर्षभरात भाऊचं लग्न होऊन वहिनी घरात आली. शिंदखेड्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली, मान वर करून न बोलणारी. ती आल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी येते तो दिवस मला आजही समोर दिसतो. पिशवी ओट्यावर ठेवून मी आत डोकावते, तर सतरंजीवर बायका बसलेल्या आणि तुझ्या शेजारी वहिनी. चहाचा कप तिच्या हातात आहे. आणि चुलीवरचं पातेलं फडक्याने धरून दुसऱ्या कपात चहा गाळते आहेस ती तू. मला पाहून ती धडपडत उठते, "या ना ताई, बसा ना," आणि तू मागे वळूनही न बघता म्हणतेस, "ऱ्हाऊ दे, ती पाव्हनी शे. तिले आराम करू दे." मी बाहेर जाऊन आराम केला, माय. छताकडे बघत.

नव्वदनंतर पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या तेव्हा ज्यांनी तुला दारात अडवलं होतं तेच घरी आले. अक्का, तुम्हीच उभ्या राहा. तुला दम्याने दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. तू म्हणालीस, माझी सून उभी राहील. मला हे जळगावात कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने साक्री गाठली. तू भाकरी थापत होतीस.

"तिलाच का?" मी विचारलं.

"तुनं नाव तठली यादीमा शे. आठे कशी उभी ऱ्हाशी?"

"जळगावच्या मतदार यादीचं नको सांगू. मी इथे होते तेव्हा तरी कधी बसू दिलंस?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. मग माझ्याकडे बघितलंस. "तुले मी शिकाडं. धुळाले ठेवं, कालेज दिधं. तिले कोनी काय दिधं? मन्हापाशी आते बठकच शे. ती बी तुलेच दिऊ?"

  तुझं बरोबरच होतं. पण बरोबर असलेल्या गोष्टीनेही माणूस जळतोच. मी त्या दिवशी न जेवता संध्याकाळच्या गाडीने परत गेले आणि तू मला थांब म्हणाली नाहीस.

वहिनी निवडून आली. पहिल्या भाषणात अडखळली, दुसऱ्यात कमी, आणि पाड्यांवरचे हातपंप दुरुस्त झाले. पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. पक्षाच्या लोकांनी शोकसभा ठरवली. हार घातलेला तुझा मोठा फोटो, स्टेजवर खुर्च्या, ओळीने भाषणं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, आणि लोक गेल्यावर मला म्हणाली, "ही त्यांची झाली, ताई. आता आईंची बैठक घेऊ." त्याच स्वयंपाकघरात सतरंजी पडली. तिने माझा हात धरून मला तुझ्या जागेवर बसवलं.

एकेक जण बोलू लागली आणि मला कळलं की मला तू फारशी माहीत नव्हतीस. माइकपुढे तुझे पाय कापायचे हे त्यांना माहीत होतं. तू बाबांची नक्कल करायचीस हे त्यांना माहीत होतं. मग गिरणीवाली म्हणाली, "तुनं लगीन झायं तवय अक्का आठेच बठीसन रडनी. आम्ही बठ्ठ्या व्हतूत." माझ्या लग्नात तुझे डोळे कोरडे होते, माय. मी गाडीत बसताना तू माझा पदर नीट केलास आणि निरोपाचे लाडू मोजून दिलेस. सगळ्यांना वाटलं, किती खंबीर बाई. मलाही तेच वाटलं होतं. माझ्यासाठीचं तुझं रडणंसुद्धा त्यांच्या वाट्याला गेलं. मी तिथे रडले, तर त्यांना वाटलं आईच्या आठवणीने रडते आहे. वहिनीने पाठीवरून हात फिरवला आणि मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

निघताना ती म्हणाली, "ताई, पुढच्या बैठकीला या." मी बघते म्हणाले. कधी गेले नाही. आता तिचेही केस पिकले, निवडणुका तिने केव्हाच सोडल्या, बैठक मात्र चालू आहे. मी फोन केला की मागे बायकांचा गलका असतो आणि ती हळू आवाजात म्हणते, "बैठकीत आहे ताई, नंतर करते." नंतर ती करतेही.

हे पत्र मी कपाटात ठेवून देईन. वहिनीला वाचून दाखवायचा विचार होता, पण ती मला बैठकीला न्यायला लगेच गाडी पाठवेल. एक मात्र सांगते. परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. घरात मी एकटी, मांडीवर ताट घेऊन मेथी निवडत मनात तुझ्याशी बोलत होते. म्हटलं, "बैठकीत आहे गं, नंतर बोलू."